हापसा दोनदा बदलला, टाकी मात्र गुदमरलेलीच

जूनचा पहिला आठवडा होता. मृग अजून लागायचा होता, पण वळवाच्या सरी सुरू झाल्या होत्या. रत्नागिरीहून आंबा घाट चढून आलेला एक छोटा हत्ती टेंपो कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या शेडच्या दारात थांबला. ताडपत्री काढली तर आत चिनी मातीचं एक बुटकं भांडं, त्याच्या कुशीला बसवलेला हातपंप, ६० लिटरची पांढरी प्लास्टिकची टाकी, दोन-तीन व्हॉल्व्ह आणि काळ्या नळ्यांची भेंडोळी. एका शिडाच्या बोटीतला अख्खा संडास उतरवून माझ्याकडे आणला होता.

बोट माझ्या मावसभावाची, म्हणजे अण्णाची आणि त्याच्या तीन मित्रांची. चौघंही कोल्हापूरचे. त्यांनी मुंबईहून एक जुनी ३१ फुटी फायबरची बोट विकत घेतली होती. ऑक्टोबर ते मे ती रत्नागिरीच्या पाण्यात असते आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर लाकडी ठोकळ्यांवर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा मच्छीमारांच्या होड्या वर ओढलेल्या असतात आणि त्यांच्याच रांगेत हीसुद्धा उभी असते.

अण्णा म्हणाला, "दोन वेळा पंपाचं किट, म्हणजे आतले रबरी भाग, बदललं. दिवाळीला एकदा, होळीच्या आसपास एकदा. महिनाभर बरं चालतं आणि परत तेच. आता तू बघ."

माझं काम पंपांचं. शेतीचे, कारखान्याचे, फौंड्रीतले पंप आयुष्यभर उघडले, पण बोटीतला संडास पहिल्यांदाच हातात आला. हे प्रकरण मी सविस्तर लिहितोय, कारण यात चूक शोधण्याचा जो रस्ता सापडला तो बोट नसलेल्यांच्याही उपयोगाचा आहे. बंगल्याची सेप्टिक टाकी असो, नाहीतर मुक्कामाच्या गाडीतला, म्हणजे कॅम्पर व्हॅनमधला, संडास.

आधी हे यंत्र काय आहे ते

बोटीतलं भांडं बहुतेक वेळा बाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असतं. त्यामुळे घरासारखी वरची टाकी सोडली आणि घाण खाली वाहून गेली, असं तिथं होत नाही. सगळं हातानं ढकलावं लागतं. आपल्या गावच्या बोअरवरच्या हापशाची धाकटी बहीणच म्हणायची. दट्ट्याच्या वरच्या बाजूनं समुद्राचं पाणी ओढलं जातं, खालच्या बाजूनं भांड्यातली घाण पुढं ढकलली जाते. दांडा एकच, कामं दोन. शेजारी एक छोटी कळ असते. ती एका बाजूला केली की पाणी आत येतं, दुसरीकडे केली की नुसतंच भांडं रिकामं होतं.

पाणी आत आणणारी नळी १९ मिमीची, घाण बाहेर नेणारी ३८ मिमीची. घाणीच्या नळीच्या तोंडाशी रबराचा एक झडपवजा तुकडा असतो, त्याला जोकर व्हॉल्व्ह म्हणतात. बदकाच्या चोचीसारखा. पुढं ढकललं की चोच उघडते, मागून दाब आला की मिटते. पुढं नळी उंच वळसा घेऊन वर जाते, कारण तो वळसा नसेल तर सायफन होऊन समुद्र उलटा आत येऊ शकतो आणि बोट जागेवर बुडू शकते. वळशाच्या माथ्यावर हवा आत घेणारी छोटी चावी असते. त्यानंतर दोन वाटांचा व्हॉल्व्ह, एक वाट समुद्राकडे आणि एक टाकीकडे. बंदरात, खाडीत टाकी वापरायची. टाकीला तीन तोंडं आणखी: वर डेकवर उपसा करायचं तोंड, खाली समुद्रात उपसायचं तोंड, आणि हवेची एक बारीक नळी. ही हवेची नळी बोटीच्या कुशीतून बाहेर निघते. तिला व्हेंट म्हणतात. तिच्याकडे कुणी बघतही नाही.

तक्रार जशी आली तशी

अण्णाच्या तोंडून आलेली तक्रार तीन वाक्यांची होती. हापसा जड जातो. हापसून झालं की घाण पाणी थोडं थोडं भांड्यात परत येतं. आणि वास, इतका की वहिनींनी डिसेंबरनंतर बोटीवर पाय ठेवला नव्हता.

असं तीन वाक्यांत आलेलं दुखणं मला कधी पुरत नाही. मी वहिनींनाच फोन लावला, कारण वास कधी येतो हे वास सोसणाऱ्यालाच नीट ठाऊक असतं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, सकाळी पहिल्यांदा हापसलं की सडक्या अंड्यासारखा भपका येतो. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा येत नाही. पण त्या कपाटाचं दार उघडलं की दिवसभर वेगळाच वास असतो, मुतारीसारखा." म्हणजे वास एक नव्हता, दोन होते. हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

दुसरा धागा बोट सांभाळणाऱ्या खलाशाकडून मिळाला. त्यानं अण्णाला दोनदा सांगितलं होतं की डेकवरचं टोपण उघडलं की आतून फुस्स करून वारा येतो, एकदा तर शिंतोडेही उडाले, आणि त्यानंतर दिवसभर हापसा हलका चालतो. अण्णानं ते ऐकलं, पण त्याचा पंपाशी संबंध जोडला नाही. ज्यानं दोनदा किट बदललं त्या मेकॅनिकपर्यंत तर ही गोष्ट पोचलीच नव्हती. मला विचाराल तर हे प्रकरण इथंच अर्धं सुटलं होतं.

तिसरी गोष्ट टाकीच सांगत होती. टेंपोतून उतरवताना आमच्या फिटर मामांनी तिच्या दोन्ही लांब बाजूंवर हात फिरवला. बाजू आत गेलेल्या होत्या, उपाशी जनावराच्या पोटासारख्या. मामा म्हणाले, "हापशाला काय बी झालेलं न्हाई. टाकी गुदमरलीया."

मामांचा हिशेब पुस्तकातला नाही, पण बरोबर होता. टाकीतून घाण उपसताना तेवढी हवा आत यायला पाहिजे. नाही आली तर बाहेरची हवा भिंती आत दाबते. टाकीची बाजू ५० बाय ४० सेंटीमीटरची. आतबाहेरच्या दाबात एका बारचा फक्त दहावा भाग फरक पडला तरी त्या एका बाजूवर जवळपास २०० किलोचा भार येतो. प्लास्टिक वाकणारच.

शेडमध्ये बोट उभी केली

आम्ही अँगलचा सांगाडा केला आणि बोटीत जी उंची, जे अंतर होतं त्याच मापानं सगळं पुन्हा मांडलं. अण्णानं उतरवायच्या आधी मोबाइलवर फोटो काढले होते आणि प्रत्येक नळीला चिकटपट्टी लावून क्रमांक घातले होते. या गोष्टीबद्दल त्याचं मनापासून कौतुक. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे टाकी धुऊन, निर्जंतुक करून आणायचं काम चौघांनी स्वतः केलं होतं, हातमोजे घालून, उघड्यावर. आपली घाण साफ करायला दुसऱ्या माणसाला खाली उतरवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. २०१३ चा हातानं मैला साफ करण्याविरुद्धचा कायदा सगळ्यांना ठाऊक असतो, पण वेळ आली की बोट दुसऱ्याकडे वळतं. म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

इथंच एक सावधगिरीची गोष्ट. अशा टाकीत हायड्रोजन सल्फाइड वायू असतो. थोडा असला तर सडक्या अंड्याचा वास येतो. हवेच्या दशलक्ष भागांत १०० भागांच्या आसपास गेला की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. वास गेला म्हणजे धोका गेला, अशी समजूत जिवावर बेतते. टाकीत डोकं घालायचं नाही, बंद खोलीत उघडायची नाही.

मग चाचणी. टाकीत ४० लिटर स्वच्छ पाणी भरलं. वर २० लिटर हवा उरली. टाकीच्या खालच्या तोंडाला गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी जोडली आणि ती भिंतीला लावून वर छतापर्यंत नेली. आता टाकीत दाब वाढला की त्या नळीत पाणी तेवढं वर चढणार, एवढी साधी युक्ती. पाणी दिसावं म्हणून त्यात थोडी निळी कालवली.

आधी हापशाचं माप घेतलं. बादलीत दहा झटक्यांत ३ लिटर पाणी पडलं, म्हणजे एका झटक्याला ३०० मिली. व्हेंटची नळी काढून टाकीचं तोंड उघडं ठेवलं आणि हापसलं. दांडा लोण्यासारखा. भिंतीवरचं निळं पाणी जागचं हललं नाही.

मग बोटीवरून आली होती तीच व्हेंटची नळी, तिच्या बाहेरच्या जाळीसकट जशीच्या तशी जोडली. पहिल्या झटक्याला निळी रेघ पंधरा सेंटीमीटर चढली. दुसऱ्याला आणखी तेवढीच. पाचव्या झटक्याला दांड्यावर मला अंगाचा भार द्यावा लागला. दहाव्या झटक्याला पाणी पहिल्या खुणेपासून पावणेदोन मीटर वर होतं. त्या दिवसांत कोल्हापुरात ज्याच्या त्याच्या तोंडी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पूरपातळी असते, ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. मामांनी खडू घेतला आणि भिंतीवर दोन रेघा मारून शेजारी 'इशारा' आणि 'धोका' लिहिलं. मग दांडा सोडला. भांड्याच्या तळाशी जोकर व्हॉल्व्हमधून बुडबुड आवाज आला आणि पाणी भांड्यात उलटं येऊ लागलं. पुरात घरातलं चेंबर उलटतं, अगदी तसंच. जड हापसा आणि परत येणारं पाणी, दोन्ही तक्रारी समोर उभ्या.

हवा दाबायची म्हणजे काय हे यातून कळतं. २० लिटर हवेत ३ लिटर पाणी कोंबलं तर ती हवा १७ लिटरात बसवावी लागते. दाब सुमारे पावणेदोन मीटर पाण्याइतका वाढतो. टाकी जितकी भरलेली, तितकी वर हवा कमी, तितका हापसा लवकर जड होतो. अण्णाला आठवलं, सहलीच्या दुसऱ्या दिवशी त्रास नेहमी जास्त असायचा. टाकी भरत आलेली असायची ना!

मग किट बदललं की महिनाभर बरं का वाटायचं? या प्रश्नानं मला दोन दिवस छळलं. उत्तर किटमध्येच होतं. किटमध्ये नवा जोकर व्हॉल्व्ह येतो. नवी चोच घट्ट मिटते, त्यामुळे दाब असूनही पाणी परत येत नाही. शिवाय किट बसवताना टाकी रिकामी केलेली, डेकचं टोपण उघडलेलं. म्हणजे कोंडलेली हवा सुटलेली. दुरुस्ती करणाऱ्याला वाटलं काम झालं, मालकालाही वाटलं. महिन्याभरात चोच पुन्हा कडक होऊन उघडी राहायची आणि गाडी मूळ पदावर. त्या मेकॅनिकला मी दोष देत नाही. ज्या भागावर हात असतो तोच भाग माणसाला दोषी वाटतो. हापसा हाताला लागतो, व्हेंट कुणाच्या हाताला लागत नाही.

व्हेंटमध्ये काय निघालं

बाहेरच्या तोंडावर पितळेची बारीक जाळी होती. तिच्यावर मीठ आणि हिरवट गंजाची पापडी. सुईनं टोकरलं तर मागं माती! मऊ, भाजल्यासारखी सुकलेली, आत पोकळ कप्पे. कुंभारीण माशीचं घर. बोट पहिल्या पावसाळ्यात किनाऱ्यावर उभी असताना तिनं आपली जागा शोधली होती. अण्णाला विचारलं, त्रास नक्की कधी सुरू झाला? तो म्हणाला, पहिला हंगाम चांगला गेला, दुसऱ्या हंगामाच्या पहिल्याच सहलीपासून सुरू झालं. बरोबर जुळत होतं.

दुसरी अडचण नळीच्या वाटेत. ही नळी जेमतेम १६ मिमीची, आणि कपाटामागून जाताना मध्येच खाली लोंबलेली. बोट एका बाजूला कलली की टाकीतलं पाणी त्या लोंबत्या भागात शिरायचं आणि तिथंच सुकायचं. नळी चिरली तर आत सुकलेल्या कागदाचा बोळा निघाला. जाळी साफ केली असती तरी हा बोळा राहिलाच असता.

नळी कापली तेव्हा

व्हेंट उघडल्यावर मामा म्हणाले, झालं काम. पण दांडा मला अजून थोडा कडक लागत होता. म्हणून घाणीची मोठी नळी उतरवली आणि वळशाच्या चढत्या भागावर हॅक्सॉनं आडवी कापली.

ते तोंड अजून माझ्या टेबलावर आहे. मुळात ३८ मिमी भोकाची नळी, आत पिवळट पांढरा दगड. चुनखडीसारखा, थर थर चढलेला, झाडाच्या खोडातल्या वलयांसारखा. मधलं भोक २२ मिमी. क्षेत्रफळाचा तिसरा हिस्साच मोकळा राहिला होता. तेवढंच पाणी तेवढ्याच वेगानं ढकलायचं म्हटलं तर घर्षण साधारण पंधरापट होतं. जोकर व्हॉल्व्हच्या तिन्ही पाकळ्यांवर तोच थर होता. नखानं दाबलं तर पाकळी वाकेना, कटकन आवाज यायचा.

आमच्या गल्लीत एक काका आहेत, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. नळ्यांतल्या थराशी त्यांची जन्माची ओळख. उसाचा रस आटवताना इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत असाच थर चढतो आणि तो कॉस्टिकनं उकळून, ब्रशनं खरवडून काढावा लागतो. त्यांनी दगडाचा तुकडा दोन पेल्यांत टाकला, एकात व्हिनेगर, दुसऱ्यात पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड. व्हिनेगरमध्ये सावकाश बुडबुडे, ॲसिडमध्ये सोड्यासारखा फसफसाट. "हा चुना आहे," काका म्हणाले, "आणि फसफस थांबल्यावरही जे सावकाश विरघळतंय ते फॉस्फेट."

कारण काकांनीच उलगडून सांगितलं. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १,३०० मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असतं. लघवीतल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात, त्यानं पाणी अल्कधर्मी होतं, आणि अशा पाण्यात हे क्षार विरघळलेले राहू शकत नाहीत. नळीच्या भिंतीवर बसतात. दोन्ही पाणी नळीत जितका वेळ एकत्र उभं राहील तितका थर जास्त. वाहतं पाणी थर धरत नाही, साचलेलं धरतं.

मग साचतं किती? ३८ मिमी नळीच्या एका मीटरमध्ये १.१३ लिटर पाणी मावतं. अण्णाच्या बोटीत ही नळी कपाटाला वळसा घालून ३.२ मीटर लांब होती, म्हणजे ३.६ लिटर. हापशाच्या एका झटक्याला ३०० मिली, म्हणजे नळी स्वच्छ पाण्यानं पूर्ण धुवायची तर बारा झटके. आणि टाकी लवकर भरू नये म्हणून चौघांनी नियम काय केला होता? सहा झटके. दर वेळी अर्धी नळी घाणीनं भरलेली राहायची, रात्रभर, दोन सहलींच्या मधले पंधरा-पंधरा दिवस. पाणी वाचवायच्या चांगल्या हेतूनं नळी दगडानं भरली.

थर फोडायची जुनी रीत म्हणजे नळी उतरवून फरशीवर आपटणं. आम्हीही आपटली, पिशवीभर खडे पडले. पण ती नळी परत वापरली नाही. का, ते पुढं येईल. व्हॉल्व्ह आणि हापशाचे भाग काकांच्या देखरेखीखाली पातळ ॲसिडमध्ये ठेवले, शेडच्या बाहेर, वाऱ्याच्या बाजूला. या थरात सल्फाइड अडकलेलं असतं आणि ॲसिड पडलं की तोच विषारी वायू सुटतो. आणि अण्णा डबाभर ब्लीचिंग पावडर ओतायचा तसं कुणी ॲसिडबरोबर करू नये. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू होतो, बंद केबिनमध्ये तर पळायलाही जागा नसते.

वासावर उतारा म्हणून आजवर बाटल्याच्या बाटल्या फिनाइल ओतलं गेलं होतं. त्यानं रबर फुगतं. ब्लीचनं रबर कडक होतं. दोन्हींनी टाकीतले चांगले जिवाणू मरतात. चोच महिन्याभरात का बिघडायची याचं अर्धं उत्तर फिनाइलच्या बाटलीत होतं.

दोन वासांची दोन घरं

सकाळचा सडक्या अंड्याचा भपका टाकीतून येतच नव्हता. तो आत येणाऱ्या समुद्राच्या पाण्यातून यायचा. १९ मिमीच्या नळीत रात्रभर उभ्या राहिलेल्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे हजारो जीव असतात. ते मरतात, कुजतात, पाण्यातला ऑक्सिजन संपतो. मग समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट, जे लिटरला जवळपास २,७०० मिलिग्रॅम असतं, त्यावर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड करतात. पहिल्या हापशाला तेच पाणी भांड्यात येतं. दुसऱ्या हापशाला ताजं पाणी येतं, वास जातो. वहिनींचं निरीक्षण शब्दन् शब्द खरं होतं.

कपाटातला वास नळीचा. रबर आणि प्लास्टिकही घाणीचे वायू शोषून घेतात आणि जुनी झाली की बाहेर सोडतात. याची परीक्षा घरच्या घरी होते. सुती फडकं गरम पाण्यात पिळायचं, नळी आधी स्वच्छ पुसून त्यावर ते गुंडाळायचं, गार झालं की काढून दूर उघड्यावर जाऊन हुंगायचं. फडक्याला वास आला तर नळी गेली. आमच्या मोठ्या नळीचा वळशाखालचा भाग, जिथं घाण साचायची, तिथल्या फडक्याच्या वासानं मामांनी तोंड फिरवलं. वळशाच्या माथ्यावरचा भाग मात्र बिनवासाचा. म्हणून ती नळी परत लावली नाही.

आणि टाकीचं काय? इथं मला गोबर गॅस आठवला. आपल्या भागातल्या गावांत परसदारी गोबर गॅस असतो, त्याचं सारं तंत्र हवा आत न जाऊ देण्यात आहे. हवा नसली की कुजून गॅस होतो. बोटीच्या टाकीत आपल्याला त्याच्या बरोबर उलट हवं. भरपूर हवा मिळाली तर हवेवर जगणारे जिवाणू काम करतात आणि वास फार कमी राहतो. जाळी बुजलेली, नळी लोंबलेली, वरून फिनाइल. चौघांनी नकळत बोटीत एक गोबर गॅस बसवला होता.

काय बदललं

व्हेंट १६ मिमीचा काढून २५ मिमीचा केला, एक ऐवजी दोन, बोटीच्या दोन्ही कुशींना एकेक, म्हणजे वारा एकीकडून येऊन दुसरीकडे जाईल. नळी टाकीपासून बाहेरपर्यंत सतत चढती, कुठंही पोट न सुटलेली. बारीक जाळी काढून टाकली.

घाणीची नळी नवी, बोटीच्या संडासासाठी मिळते त्या जाड भिंतीची. दोन वाटांचा व्हॉल्व्ह कपाटाच्या दुसऱ्या बाजूला सरकवून तिची लांबी १.७ मीटरवर आणली. आता तिच्यात १.९ लिटर पाणी मावतं, म्हणजे सात झटके. अण्णाच्या जुन्या सहाच्या सवयीत एकाची भर घातली की नळी धुतली जाते. माणसाची सवय बदलण्यापेक्षा नळीची लांबी बदलणं मला सोपं वाटतं.

आत येणाऱ्या पाण्याच्या नळीला एक टी, म्हणजे तीन तोंडांचा सांधा, जोडला आणि तो शेजारच्या हात धुवायच्या बेसिनच्या निचऱ्याला नेला. बोट सोडून जाताना बाहेरचा व्हॉल्व्ह बंद करायचा, बेसिनमध्ये गोडं पाणी भरायचं आणि हापसायचं. हापसा ते गोडं पाणी ओढतो, दोन्ही नळ्या आणि हापसा गोड्या पाण्यानं धुऊन निघतात. पिण्याच्या पाण्याच्या टाकीला मात्र संडास थेट जोडायचा नाही. अण्णाच्या एका मित्राची तशी कल्पना होती, ती मी ठामपणे मोडून काढली.

वळशाच्या माथ्यावरची हवेची चावी मिठानं घट्ट बसलेली होती. हे मला सगळ्यात भीतिदायक वाटलं. वासानं माणूस त्रासतो, पण ही चावी बसली आणि बाहेरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला तर रात्रीतून बोट भरते. चावी बदलली. सगळ्या जोडांवर दोन-दोन क्लिपा घातल्या. जुन्या क्लिपांना लोहचुंबक लावून पाहिलं तर पट्टीला चिकटत नव्हतं, स्क्रूला चिकटत होतं. म्हणजे पट्टी स्टेनलेसची आणि स्क्रू साधा. एक स्क्रू तर हातानं फिरवताना तुटला. समुद्रात अशा क्लिपेच्या भरवशावर राहायचं?

हापशाला काय केलं? साफ केला, दट्ट्याला सिलिकॉन ग्रीस लावलं, नवा जोकर व्हॉल्व्ह घातला. बाकी काही नाही. दोनदा बदललेली किटं तशी चांगलीच होती.

टाकी उकळत्या पाण्यानं भरून बाजू पूर्ववत होतील असं वाटलं होतं, पण पूर्ण झाल्या नाहीत. साधारण तीन लिटर जागा कायमची गेली. गळत नसल्यामुळे तीच ठेवली.

टाकी कुठं रिकामी करायची

यावर आमचा एक संध्याकाळभर वाद झाला. आंतरराष्ट्रीय मारपोल कराराच्या चौथ्या परिशिष्टात जहाजांच्या मैल्याचे नियम आहेत. बारीक करून निर्जंतुक केलेला मैला किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या पलीकडे, आणि तसं न केलेला १२ सागरी मैलांच्या पलीकडे, तोही जहाज किमान ४ नॉटच्या, म्हणजे ताशी ४ सागरी मैलांच्या, वेगानं चालत असताना. ते परिशिष्ट ४०० टनांच्या वरच्या किंवा १५ हून जास्त माणसांच्या जहाजांना लागू होतं. एकाचं म्हणणं, आपली बोट एवढीशी, आपल्याला कोण विचारतं?

अण्णा गप्प होता. मग तो म्हणाला, "आपण पंचगंगेकाठची माणसं. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हा तू कुठं होतास?" त्या वर्षी दवाखान्यांत खाटा पुरत नव्हत्या, हे आमच्यातल्या प्रत्येकाला आठवत होतं. नदीत कुणी काय सोडलं याबद्दल आपण आयुष्यभर बोलतो आणि खाडीत जाऊन तेच करायचं? त्या खाडीत बायका कालवं आणि तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढतात. वाद तिथं संपला. लांबच्या सहलीला १२ सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरच्या पलीकडेच उपसायचं. छोट्या सहली झाल्या तर डेकवरच्या तोंडातून सक्शनच्या गाडीत. खर्च चौघांत वाटून.

एक हंगाम गेल्यावर

ऑक्टोबरमध्ये मीही रत्नागिरीला गेलो. वहिनी आल्या होत्या. पहिल्या सकाळी त्यांनी हापसलं, बाहेर आल्या आणि चहा ठेवायला गेल्या. एवढंच. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

मे महिन्यात बोट वर घेतल्यावर अण्णानं जोकर व्हॉल्व्ह काढून मला पाठवला. पाकळ्या मऊ होत्या. एका पाकळीच्या कडेला पांढरी पुसट रेघ होती, ती अंगठ्यानं निघाली. दोन्ही व्हेंटच्या तोंडावर त्यानं मच्छरदाणीचा तुकडा बांधला आहे आणि त्याला लांब लाल चिंधी लावली आहे, ऑक्टोबरात सोडायला विसरू नये म्हणून.

माझ्या शेडच्या भिंतीवरच्या मामांच्या खडूच्या रेघा पावसाच्या ओलीनं पुसट झाल्या होत्या. परवा त्यांनी त्या पुन्हा ठळक केल्या. मुक्कामाच्या गाडीतली टाकी घेऊन एक जण आला आहे, हापसा जड जातो म्हणतो.